नवा फाइव्ह-जी फोन, तरीही नेट धिमे आणि फोन अडकतो: दोष नेमका कुठे आहे, ते शोधण्याचा क्रम

नाशिकच्या महात्मा गांधी रोडच्या आसपास मोबाइल दुरुस्तीचे काम करताना गेली चौदा वर्षे मी एकच तक्रार निरनिराळ्या तोंडून ऐकत आलो आहे. पूर्वी ती फोर-जीच्या नावाने येत असे. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात फाइव्ह-जी सुरू झाल्यापासून फाइव्ह-जीच्या नावाने येते. "खोक्यावर फाइव्ह-जी लिहिलंय, आठ कोअर आहेत, सोळा जीबी रॅम आहे, मग चालत का नाही?" असे म्हणत गिऱ्हाईक फोन टेबलावर ठेवते आणि मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याची वाट पाहते. यांतल्या बहुतेक फोनांचे स्क्रू मला उघडावे लागत नाहीत. फोन धडधाकट असतो. खोक्यावर छापलेला आकडा एका गोष्टीविषयी असतो आणि गिऱ्हाइकाने तो दुसऱ्याच गोष्टीविषयी समजून घेतलेला असतो. तरीही काही फोन खरोखर बिघडलेले असतात, आणि ते ओळखायचे तर आधी बिनपैशाच्या तपासण्या उरकून घ्याव्या लागतात. मी दुकानात ज्या क्रमाने तपासतो तोच क्रम येथे लिहीत आहे.

लक्षणे

फाइव्ह-जीचे चिन्ह दिसते, पण व्हिडिओ लावला की गोल चक्र फिरत राहते. सकाळी नेट चांगले चालते आणि रात्री आठनंतर रखडते. गॅलरीत उभे राहिले तर चालते, आतल्या खोलीत गेले की थांबते. नव्या फोनमध्ये फाइव्ह-जीचे चिन्ह मुळी येतच नाही आणि शेजाऱ्याच्या त्याहून जुन्या फोनमध्ये मात्र येते. हा झाला तक्रारींचा एक गट. दुसऱ्या गटातल्या तक्रारी अशा, की खेळ पहिली दहा मिनिटे सुरळीत चालतो आणि मग धक्के खाऊ लागतो, कॅमेरा उघडायला वेळ लागतो, एका ॲपमधून दुसऱ्यात गेले की पहिले पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि फोन पाठीकडून तापतो.

गिऱ्हाईक या दोन्ही गटांना मिळून "फोन स्लो आहे" एवढेच म्हणते आणि तिथूनच चुकीची दुरुस्ती सुरू होते. म्हणून सर्वांत आधी फोन एखाद्या खात्रीच्या वायफायवर, शक्यतो फायबरच्या जोडणीवर, टाकून पाहावा. वायफायवर सगळे झरझर चालले तर दोष सिम, प्लॅन, जागा किंवा नेटवर्क यांच्याकडे शोधावा. वायफायवरही तो तेच रडगाणे गात असेल तर नेटवर्कला बोल लावण्यात अर्थ नाही आणि पुढल्या निम्म्या तपासण्या सोडून सरळ साठवण आणि उष्णतेच्या भागाकडे जावे. या एका मिनिटाच्या चाचणीमुळे माझा जितका वेळ वाचला आहे तितका कोणत्याही यंत्राने वाचवलेला नाही.

प्लॅन आणि दिवसाचा कोटा

सिम कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन आज किती डेटा उरला आहे ते पाहावे. रोजचा कोटा संपला की बहुतेक प्रीपेड प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. नेट बंद पडत नाही, म्हणून कोटा संपल्याचे ध्यानात येत नाही, पण त्या वेगात साधे छायाचित्रही उघडता उघडत नाही. त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट पाहायची. जुलै २०२४ मध्ये जिओ आणि एअरटेल यांनी दर वाढवले तेव्हा अमर्याद फाइव्ह-जीची सवलत दिवसाला २ जीबी किंवा त्याहून अधिक डेटा देणाऱ्या प्लॅनपुरती ठेवली. दीड जीबीवाला जुना प्लॅन सवयीने मारत राहिलेल्या माणसाचा फोन कितीही नवा असला तरी त्याला ती सवलत मिळत नाही. दुकानात येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात आणि मी त्याचे पैसे घेत नाही.

फाइव्ह-जीसाठी सिम बदलावे लागते ही अफवा अजून फिरते आहे. जिओ आणि एअरटेल या दोघांचीही चालू फोर-जी सिमे फाइव्ह-जीवर चालतात. "सिम अपग्रेड करून देतो, आलेला ओटीपी सांगा" असे म्हणणारा फोन आला तर तो भामट्याचा आहे असे समजून ठेवून द्यावा, कारण त्या ओटीपीने तुमचा नंबर दुसऱ्याच्या सिमवर जाऊ शकतो आणि नंबरापाठोपाठ बँकेचे खातेही. वेग वाढवण्यासाठी तारांकित ४०१ ने सुरू होणारा एखादा क्रमांक फिरवायला सांगितले जाते, त्याने कॉल दुसऱ्याकडे वळतात. या प्रकारांमुळेच दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा कोडने कॉल वळवण्याची सोय बंद करायला लावली. पैसे गेलेच असतील तर फोनदुरुस्तीचा नाद सोडून त्याच मिनिटाला १९३० वर तक्रार करावी.

वेग मोजताना होणारे घोटाळे

वेगाविषयीच्या तक्रारींत निम्मा गोंधळ एककांचा असतो. कंपन्या वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फोनमध्ये उतरणारी फाइल मेगाबाइटमध्ये दिसते. आठ बिट मिळून एक बाइट होतो, त्यामुळे १०० मेगाबिटच्या जोडणीवर फाइल सेकंदाला साडेबारा मेगाबाइटने उतरली तर ती जोडणी पूर्ण वेगाने चालली आहे. "शंभर सांगून बारा देतात" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की हा भागाकार एका पुठ्ठ्यावर लिहून काउंटरला लावला आहे.

दुसरा घोटाळा वायफायच्या नावाचा. घरच्या राउटरची दोन नावे दिसतात आणि त्यांतल्या एकाच्या शेवटी '५जी' असते. ते पाच गिगाहर्ट्झ लहरींचे नाव आहे. मोबाइलच्या पाचव्या पिढीशी त्याचा काही संबंध नाही. इंदिरानगरच्या एका निवृत्त शिक्षिका वर्षभर घरच्या वायफायलाच फाइव्ह-जी समजत होत्या आणि बाजारात गेले की फाइव्ह-जी जाते अशी त्यांची तक्रार होती. त्यांना समजावून सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे मी वर्गात नाव बघून मार्क दिले म्हणायचे."

वेगाची चाचणी करायचीच असेल तर वायफाय आणि व्हीपीएन बंद करून, एकाच जागी उभे राहून, सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा करावी आणि तिन्ही आकडे लिहून ठेवावेत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, मायस्पीड नावाचे ॲप त्यासाठी पुरेसे आहे. एकाच आकड्यावर भरवसा ठेवू नये, कारण चाचणीचे ॲप सहसा जवळचा सर्व्हर निवडते आणि एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते. तुमची रोजची फाइल मात्र दूरच्या सर्व्हरवरून एखाद्याच जोडणीने येत असते. शिवाय चाचणी स्वतःच डेटा खाते. चाळीस मेगाबिटच्या वेगाने दहा सेकंद उतरवले तर ५० मेगाबाइट जातात, म्हणजे दिवसातून दहा वेळा वेग मोजणाऱ्या माणसाने अर्धा जीबी मोजण्यातच घालवला. असे एक गिऱ्हाईक माझ्याकडे येत असे आणि त्याचा कोटा रोज दुपारीच संपत असे.

सेटिंग, आणि व्हॉट्सॲपवरून आलेला कोड

दोन सिमच्या फोनमध्ये डेटा कोणत्या सिमवर आहे ते पाहावे आणि 'पसंतीचे नेटवर्क' या ठिकाणी फाइव्ह-जी निवडलेले आहे याची खात्री करावी. बॅटरी बचतीची सोय चालू असेल तर काही फोन फाइव्ह-जी आपणहून बंद करतात. विमान मोड दहा सेकंद चालू करून बंद केला की फोन टॉवरशी नव्याने नोंदणी करतो आणि अडकलेली जोडणी सुटते. त्याने भागले नाही तर नेटवर्क सेटिंग रीसेट करावे, मात्र त्यात साठवलेले वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात, हे आधी लक्षात घ्यावे.

तारांकित आणि हॅश यांच्यामध्ये ४६३६ लिहून वेग दुप्पट होतो असा संदेश दर दोन-चार महिन्यांनी फिरतो. त्या कोडने अँड्रॉइडमधील चाचणीचा एक पडदा उघडतो, त्यापलीकडे त्यात जादू नाही. लोक तिथे 'फक्त एलटीई' निवडतात, फोन फोर-जीला चिकटून बसतो, फाइव्ह-जी जाते, आणि व्होल्टीची, म्हणजे फोर-जीवरून कॉल करण्याच्या सोयीची, नोंदणी झालेली नसेल तर कॉलही लागत नाहीत. मग "फोन अचानक मुका झाला" म्हणून तो माझ्याकडे येतो.

जागा, भिंत आणि कव्हर

फोनवरच्या रेंजच्या काड्या हा भरवशाचा पुरावा नाही. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या याचा सर्व कंपन्यांना लागू असा नियम नाही, त्यामुळे तोच सिग्नल एका फोनमध्ये चार काड्या आणि दुसऱ्यात दोन काड्या दाखवू शकतो. खरा आकडा सेटिंगमध्ये 'फोनविषयी' आणि त्यात 'सिमची स्थिती' येथे डीबीएम या सिग्नलच्या जोराच्या एककात मिळतो. तो उणे असतो. उणे ८०च्या आसपास उत्तम, उणे १०० चालण्याजोगा, आणि उणे ११०च्या खाली गेला की फोन नुसता झगडत असतो, बॅटरीही त्यातच जाते. माझ्या दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे सोल्डरिंगचे टेबल आहे, तिथे एका दुपारी गिऱ्हाइकाच्या फोनवर उणे ११३ दिसत होते. फोन हातात धरून आम्ही दोघे काउंटरपाशी आलो तेव्हा उणे १०४ झाले आणि पायरीवर उतरलो तेव्हा उणे ९१. सात पावलांचे अंतर, तोच फोन, तेच सिम. गिऱ्हाईक पायरीवरच उभे राहून म्हणाले, "भाऊ, मग बिघाड तुमच्या दुकानात आहे."

हे का घडते ते समजून घेतले तर पुढचा खर्च वाचतो. भारतात फाइव्ह-जीचा मुख्य भार ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, म्हणजे एन७८ वर आहे. त्यात वेग भरपूर मिळतो, पण ही लहर जाड भिंतीत लवकर विरते. सोमवार पेठेतल्या किंवा भद्रकालीतल्या जुन्या वाड्याच्या मधल्या खोलीत फाइव्ह-जी टिकत नाही आणि गंगापूर रोडच्या नव्या इमारतीत खिडकीपाशी टिकते, त्यात फोनचा गुणदोष काही नाही. जिओकडे ७०० मेगाहर्ट्झचा एन२८ हा पट्टाही आहे. तो भिंतीतून चांगला शिरतो, पण त्याच्यात वेग तुलनेने कमी असतो. रात्रीचा धिमेपणा गर्दीचा असतो, कारण एका टॉवरची क्षमता त्यावर असलेल्या सगळ्यांत वाटली जाते. पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर, किंवा सुटीच्या संध्याकाळी कॉलेज रोडवर, चिन्ह फाइव्ह-जीचे असूनही संदेश जात नाही, तेव्हा फोन दुरुस्तीला आणू नये.

कव्हर काढून पाहणे ही फुकटची तपासणी लोक विसरतात. धातूचे कव्हर किंवा आत चिकटवलेली जाड लोखंडी चकती अँटेनाच्या आड येते. किरणोत्सर्ग शोषणारी आणि रेंज वाढवणारी म्हणून विकली जाणारी तांबूस चिकटपट्टी मी आजवर कित्येक फोनांच्या पाठीवरून सोलून काढली आहे. तिने यांतले काहीही होत नाही. या भीतीच्या मुळाशी असलेली अफवाही जुनीच आहे. मे २०२१ मध्ये फाइव्ह-जीच्या चाचण्यांमुळे कोरोना पसरतो असे संदेश फिरत होते, त्या वेळी देशात त्या चाचण्या सुरूही झाल्या नव्हत्या आणि दूरसंचार विभागाला तसा खुलासा करावा लागला. घरावर लावायचे सिग्नल बूस्टरही विनापरवाना वापरणे बेकायदेशीर आहे आणि त्यांच्यामुळे शेजारच्या सगळ्या गल्लीची रेंज बिघडते, तेव्हा कोणी स्वस्तात देत असले तरी घेऊ नयेत.

फाइव्ह-जीचे चिन्ह, आणि खोक्यावर न लिहिलेली गोष्ट

आता ज्या भागात सर्वांत जास्त दिशाभूल होते त्या भागाकडे येतो. फाइव्ह-जी दोन पद्धतींनी दिले जाते. एनएसए पद्धतीत फोन आधी फोर-जीच्या टॉवरला धरतो आणि डेटासाठी फाइव्ह-जीची वाट जोडीला घेतो; एसए पद्धतीत फाइव्ह-जीचे जाळे आपल्या पायावर उभे असते. जिओने एसए निवडले आणि एअरटेलने सुरुवात प्रामुख्याने एनएसएने केली. फोनच्या चिपला आणि सॉफ्टवेअरला तुमच्या सिमची पद्धत येत नसेल तर खोक्यावर फाइव्ह-जी छापलेले असूनही तुमच्या सिमवर ते दिसणार नाही, आणि विक्रेता कायद्याने बघता खोटेही बोललेला नसतो.

हे माझ्याकडे प्रत्यक्ष घडले. निफाडकडचे एक कांदा उत्पादक दहा हजारांच्या आतला फाइव्ह-जी फोन घेऊन आले. लासलगावचे भाव पाहायला घेतला होता. त्यांच्या सिमवर फाइव्ह-जी येत नव्हते आणि मुलाच्या, दुसऱ्या कंपनीच्या, सिमवर त्याच फोनमध्ये येत होते. अँटेना बदलायला सांगून आधीच एका ठिकाणी त्यांच्याकडून आठशे रुपये घेतले गेले होते. मी चिपचे नाव पाहिले. ती स्नॅपड्रॅगन ४एस जेन २ होती, जी जुलै २०२४ मध्ये स्वस्त फाइव्ह-जी फोनांसाठी आणली गेली आणि जी फाइव्ह-जीची फक्त एसए पद्धत जाणते. बदलण्यासारखे त्यात काही नव्हते. सिम कंपनी बदलणे किंवा फोर-जीवर समाधान मानणे एवढेच दोन मार्ग होते. भाव पाहायला फोर-जी पुरते, हे मी त्यांना सांगितले आणि त्यांना ते पटले, पण आठशे रुपये गेले ते गेलेच.

म्हणून या टप्प्यावर फोनच्या मॉडेलचा पूर्ण क्रमांक घेऊन उत्पादकाच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी पाहाव्यात: एसए आणि एनएसए दोन्ही लिहिले आहे का, पट्ट्यांच्या यादीत एन७८ आहे का, आणि जिओ वापरत असाल तर एन२८ आहे का. "बारा फाइव्ह-जी पट्टे" ही जाहिरात ऐकून हुरळून जाण्याचे कारण नाही. त्यांतले कोणते पट्टे नाशिकमध्ये तुमच्या सिमला उपयोगी आहेत एवढेच महत्त्वाचे आहे. तसेच "१० गिगाबिटपर्यंत" असे मॉडेमविषयी, म्हणजे फोनला नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाविषयी, लिहिलेले असते, तो प्रयोगशाळेतला वरचा आकडा असतो आणि त्यासाठी लागणाऱ्या मिलिमीटर लहरी, म्हणजे अतिउच्च वारंवारतेचे पट्टे, पकडण्याची सोय आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या जवळपास कोणत्याच फोनमध्ये नसते. त्या वाक्यातला खरा शब्द "पर्यंत" हा आहे.

चिन्हाविषयीही एक खुलासा हवा. एनएसए जाळ्यात फोर-जीचा टॉवरच "इथे फाइव्ह-जी उपलब्ध आहे" असे कळवत असतो आणि पुष्कळ फोन तेवढ्यावरच चिन्ह दाखवतात, प्रत्यक्षात त्या क्षणी डेटा फोर-जीवरून येत असला तरी. अमेरिकेत २०१९ मध्ये एटी अँड टी या कंपनीने सुधारित फोर-जीवर '५जी ई' असे चिन्ह दाखवायला सुरुवात केली होती आणि २०२० मध्ये तिथल्या जाहिरात परीक्षण मंडळाने '५जी इव्होल्यूशन' या नावाच्या जाहिराती थांबवण्याची शिफारस केली. आपल्याकडेही २०१५ मध्ये जाहिरात मानक परिषदेने एअरटेलच्या फोर-जी वेगाच्या आव्हानाची जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली होती. तेव्हा चिन्हाकडे पाहून निदान करू नये.

साठवण, आणि 'सोळा जीबी' रॅम

वायफायवरही फोन अडकत असेल तर आधी किती जागा रिकामी आहे ते पाहावे. साठवण काठोकाठ भरली की फोनला लिहिण्यासाठी मोकळे कप्पे मिळत नाहीत आणि प्रत्येक काम रखडते. पाचवा हिस्सा रिकामा ठेवावा असे मी सांगतो. व्हॉट्सॲपवरचे शुभेच्छांचे व्हिडिओ पुसले तरी बरेच काम होते.

खोक्यावरचे "१६ जीबी" बहुधा "८ + ८" असते. त्यातले दुसरे आठ म्हणजे साठवणीतला तुकडा रॅमसारखा वापरलेला असतो. तो खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी धिमा असतो, आणि स्वस्त फोनमध्ये साठवण यूएफएसऐवजी ईएमएमसी या धिम्या जातीची असेल तर आणखीच. ईएमएमसी ५.१ची कमाल मर्यादा सेकंदाला ४०० मेगाबाइट, तर यूएफएस २.२ची सुमारे १२००; म्हणजे रॅमचा आकडा मोठ्या अक्षरांत आणि साठवणीची जात मुळीच नाही, असे खोके पाहिले की मी आधी जातच शोधतो. कमी साठवणीच्या फोनमध्ये ही आभासी रॅम बंद करून दोन दिवस वापरून पाहावे. काही फोन त्यानेच सुटसुटीत होतात.

उष्णता

गेल्या मे महिन्यात दुपारी एकच्या सुमारास एका डिलिव्हरी करणाऱ्या मुलाने फोन आणला. मुंबई नाक्यापासून सातपूरपर्यंत दुचाकीच्या हँडलवरच्या पकडीत, उन्हात, नकाशा चालू आणि शिवाय चार्जिंगला लावलेला. पाठीचे पॅनेल हातात धरवत नव्हते आणि पडदा आपोआप अंधूक झाला होता. त्याला नवी बॅटरी टाकून हवी होती. मी कव्हर काढले, चार्जर काढला आणि फोन पंख्याखाली लादीवर पालथा ठेवला. वीस मिनिटांनी तोच फोन विनातक्रार चालला. प्रोसेसर ठरावीक तापमानाला पोचला की स्वतःचा वेग उतरवतो. तो बिघाड नसून बचाव आहे. फ्रिजमध्ये फोन ठेवण्याचा उपाय मात्र करू नये, आत दमट हवेचे पाणी धरते.

थंड असतानाही फोन अडकत असेल आणि बॅटरी दोन-तीन वर्षांची असेल तर बॅटरीची प्रकृती पाहावी. थकलेली बॅटरी एकदम जास्त वीज देऊ शकत नाही. ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले होते, की जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग सॉफ्टवेअरने उतरवला जातो. अशा वेळी बॅटरी बदलणे हाच इलाज असतो आणि तो नव्या फोनपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो.

प्रोसेसर: नाव नवे, आत काय

इथे दुरुस्ती अशी काही नसते, फक्त निदान असते. सीपीयू-झेडसारख्या ॲपमध्ये चिपचे नाव आणि कोअर, म्हणजे तिच्यातले काम करणारे स्वतंत्र भाग, पाहावेत. आठ कोअर म्हणजे आठपट वेग नव्हे. स्वस्त आणि मध्यम फोनांत सहसा दोन कोअर दमदार आणि सहा काटकसरी असतात. स्नॅपड्रॅगन ६९५ मध्ये दोन ए७८ आणि सहा ए५५ आहेत, आणि ॲप उघडण्यासारख्या कामांचा भार बहुतांशी त्या दोघांवर पडतो. खोक्यावर गिगाहर्ट्झचा आकडा असतो तोही त्याच दोघांचा. चिपच्या जाहिरातीतला नॅनोमीटरचा आकडा आता चिपमधल्या कोणत्याही एका भागाचे माप राहिलेला नाही, ते पिढीचे नाव आहे.

नाव नवे आणि माल तोच, असेही होते. मीडियाटेकची २०२१ची डायमेन्सिटी ८१० ही चिप २०२३ मध्ये डायमेन्सिटी ६०८० या नावाने आली. दुकानदार "यंदाचा प्रोसेसर" म्हणाला तर तो खोटे बोलत नाही, पण तुम्ही जे समजलात ते खरे नाही.

फोनच्या ताकदीला गुण देणाऱ्या अंतुतू या ॲपचा आकडा दाखवून विकणाऱ्यांना विचारावे, की आवृत्ती कोणती. आवृत्ती बदलली की त्याच फोनचा आकडा बदलतो, त्यामुळे दोन आवृत्त्यांची तुलना निरर्थक असते. चाचणीपुरता जोर लावण्याचे प्रकारही झाले आहेत. मार्च २०२२ मध्ये गीकबेंच या तशाच दुसऱ्या चाचणीने सॅमसंगच्या गॅलेक्सी एस१०, एस२०, एस२१ आणि एस२२ या मालिकांचे आकडे यादीतून वगळले, कारण फोनमधील एक सेवा नेहमीच्या ॲपना आवर घालत होती आणि चाचणीच्या ॲपना मोकळे सोडत होती.

जुन्या बाजारातून घेतलेला फोन असेल तर आणखी एक तपासणी आवश्यक आहे. नकली फोनमध्ये सेटिंगचा पडदाच खोटा आकडा दाखवतो. तारांकित, हॅश, शून्य-सहा, हॅश फिरवून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, मिळवावा आणि केवायएम लिहून एक मोकळी जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर पाठवावा. उत्तरात आलेले मॉडेल हातातल्या फोनशी जुळले पाहिजे. जुळले नाही तर त्या फोनवर दुरुस्तीचा एक रुपयाही घालू नये.

इथे थांबावे

सॉफ्टवेअर अद्ययावत केले, सेफ मोडमध्ये, म्हणजे नंतर टाकलेली ॲप बंद ठेवून, पाहिले, बॅकअप घेऊन फोन एकदा फॉरमॅट केला, आणि तरीही दोष तसाच राहिला, तर घरचे काम संपले. वॉरंटी चालू असेल तर फोन अधिकृत सेवा केंद्रातच न्यावा, माझ्याकडेही आणू नये, कारण मी पाठ उघडली की वॉरंटी गेली. पाठ फुगली असेल, पडदा एका कडेने वर उचलला असेल तर फोन बंद करावा, चार्जिंगला लावू नये, दाबून बसवू नये. फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेते. दोन्ही सिमवर, दोन वेगळ्या जागी, 'नो सर्व्हिस' येत असेल, आयएमईआय कोरा दिसत असेल, किंवा पावसात भिजल्यापासून रेंज गेली असेल, तर दोष अँटेनाच्या वायरीत किंवा बोर्डावरच्या नेटवर्क आयसीत, म्हणजे नेटवर्कच्या चिपमध्ये, असण्याचा संभव मोठा आहे. ते सूक्ष्मदर्शकाखालचे काम आहे. व्हिडिओ पाहून हीट गन चालवलेले बोर्ड माझ्याकडे येतात आणि त्यांतले बरेचसे मी परत पाठवतो. आयएमईआय लिहून देतो म्हणणाऱ्या कारागिराकडे जाऊ नये, तो गुन्हा आहे.

फोन निर्दोष निघाला आणि एकाच जागी सतत नेट रखडत असेल तर सिम कंपनीकडे १९८ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा आणि वर सांगितलेले तीन वेळांचे आकडे द्यावेत. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, तिथे अर्ज करण्यात दिवस घालवू नयेत. जाहिरातीत छापलेली गोष्ट फोनमध्ये नसेल तर प्रश्न दुरुस्तीचा राहत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही. त्यासाठी बिल, खोक्याच्या चारही बाजूंची छायाचित्रे आणि खरेदीच्या दिवशीच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट लागतो, कारण संकेतस्थळावरचा मजकूर नंतर बदलतो आणि खोके बहुतेकांनी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला दिलेले असते.